फुलर की फुलारी

१५ जाने. १९६१, रविवार. नांदुरा
चर्चमधली उपासना आटोपून घरी आलो तर बुलढाण्याचे साळवे ओसरीवर हजर. आमच्या सुशीसाठी स्थळ घेऊन आले होते. मुलगा त्यांचा पुतण्या, कलेक्टर कचेरीत कारकून. तिकडं मास्तरणीच्या ट्रेनिंगला असताना सुशीनं त्याला पाहिलेलं आहे. पोरगी एरवी माझ्या तोंडाला तोंड देणारी, आज पोहे आणून ठेवले आणि तोंडातून अक्षर नाही. समजलो काय ते.

सगळं गोडीत चाललं होतं. निघताना, चपला पायात अडकवता अडकवता साळवे म्हणाले, "मास्तर, एक इचाराचं राह्यलंच. फुलर हे झालं साहेबाचं. तुमी मूळचे कोन?"

मी म्हटलं, दर रविवारी प्रभूच्या देवळात काय म्हणतो आपण? सगळी एका बापाची लेकरं ना?

"ते तं हायेच. पन घरी म्हातारीले सांगा लागते."

स्वतः मूळचे पाटील म्हणे. आमच्यात ज्याला विचारावं तो मूळचा पाटीलच निघतो. मग पाटलाच्या हाताखाली गावात राहत तरी कोण होतं? हे तोंडावर बोलायला पाहिजे होतं. पोरीचा बाप, गिळलं.

१७ जाने.
मूळचे कोण! मला काय माहीत, आणि बाबांना तरी काय माहीत? मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं. नुकते चालायला लागले असतील. विलायतेतल्या कोण्या फुलरनं एका पोराच्या जेवणाखाण्याचा खर्च उचलला, ते पोर म्हणजे बाबा. म्हणून जेकब फुलर. पुढं हयात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरकीत गेली.

गाव पहिल्यापासून 'फुलारी' म्हणतं. फुलारीबुवा, खोकल्याचं औषध द्या. दारावर पाटी लावली तरी पोस्टमन फुलारीच. आणि बाबा दर वेळी त्याच सुरात, "फुलारी नाही बाप्पा, फुलर. म्या काय हार इकतो काय?" या नावाचा त्यांना भारी अभिमान. त्या नावानं पोटात अन्न गेलं म्हणतात.

आज विचारलं, बाबा, लहानपणचं काही आठवते?

"आठवते ना. भूक आठवते."



१८ जाने.
सौ. म्हणते, "इतकं डोकं काऊन शिणवता? सारं गाव फुलारीच म्हनते. सांगून द्या, मूळचे फुलारी, साहेबाच्या तोंडात फुलर झालं."

मी खेकसलो. इंग्रजीचा मास्तर आहे मी, शब्द कुठून कुठं जातो ते तू मला शिकवू नको.

"शब्दाचं राहू द्या. पोरीचं पाहा."

आमच्या सौ.चं हे असं असतं. एका वाक्यात गार करते. सुशी आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज मध्येच थांबला.

२२ जाने., रविवार
काल शाळा सुटल्यावर बुलढाण्यास गेलो, आज परतलो. राजूर घाटात मोटार तापली, खोळंबा. मिशनच्या बंगल्यात जुनी मडम अजून आहे. सामान बांधणं चाललं होतं, पुढल्या महिन्यात कायमची आपल्या देशी जाते. तिच्याइतकं जुनं माणूस आता जिल्ह्यात दुसरं नाही, म्हणून तिलाच गाठलं.

बाबांचं नाव काढताच खुलली. "जेकब! फार चांगला पोरगा!" बाबा साठीच्या घरात, हिचा अजून पोरगाच. पण मूळचं विचारलं तर मान हलवली. "मी आले तेव्हा त्याला मिशी होती. त्याला आणणारी माणसं केव्हाच प्रभूकडे गेली. आता कोणाला माहीत नाही, मास्तर. कोणालाच नाही."

माझा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. मग चहा देऊन फुलरचंच सांगत बसली. तिचं स्वतःचं आजोळ फुलर! मग विलायतेतल्या त्या खर्च उचलणाऱ्या फुलरचं तिला काही ठाऊक असेल म्हणून विचारलं, तर हसायला लागली. तिच्या देशात दक्षिणेकडं फुलर पोत्यानं सापडतात म्हणे, कोणता म्हणून सांगू?

अर्थ असा. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की विरळ, तेलकट असतं. ते पाण्याच्या हौदात टाकून पायानं तुडवायचं, तुडवून तुडवून घट्ट करायचं. तुडवणारा तो फुलर. फार जुना शब्द, रोमन लोकांपासून चालत आलेला. उत्तरेकडं त्याच धंद्याच्या माणसाला वॉकर म्हणत, कारण तो कापडावर चालायचा. पश्चिमेच्या कोपऱ्यात टकर. धंदा एकच, मुलूख बदलला की आडनाव बदललं. पुढं पाणचक्कीवर लाकडी हातोडे बसवले, पायांचं काम गेलं, आडनावं तेवढी राहिली. मुलतानी मातीला इंग्रजीत फुलरची माती म्हणतात ते मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. आपलं नाव त्यात आहे हे कधी ध्यानातच आलं नाही. धन्य तो मास्तर!

परतताना मोटारीत मनात आलं, तिकडं फुलर पोत्यानं, आणि आमच्या जिल्ह्यात? बाबा, मी, सौ., सुशी. सुशी लग्न होऊन गेली की तीन. नंतर कोण?

२३ जाने.
बाबांना फुलरचा अर्थ सांगितला. आधी रागावले. "म्हंजे धोबी काय बे?" मग पायानं तुडवतात म्हटल्यावर असे हसले, असे हसले, की ठसका लागला. "मंग ज्ञानगंगेच्या पान्यात गोधड्या तुडवनाऱ्या साऱ्या बाया फुलरच झाल्या!" सौ. म्हणाली, मी तर कधीची आपल्याच मातीनं डोकं धुते. सुशीसुद्धा हसली. फार दिवसांनी घरात असं हसणं झालं.

हसू ओसरल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "अन् माहं? माहं काय म्हने मडम?"

कोणालाच माहीत नाही, हे मला सांगवलं नाही. म्हटलं, आता आठवत नाही म्हणाली, जुन्या माणसांना विचारून कळवते.

"बरं," म्हणाले. "पाहू वाट."

१४ फेब्रु.
जनगणना सुरू. आमच्या आळीला ड्रॉइंगचे मास्तर आले. सवयीनं फुलारी लिहून मोकळे. बाबांनी समोर बसून खोडायला लावलं.

साळव्यांचा निरोप: रविवारी मुलाला घेऊन येतो, तेवढं मुळाचं तयार ठेवा. मुळाचं तयार ठेवा! जशी काही आंब्याची फोड मागतात.

बाबा रोज पोस्टमनला विचारतात, मडमची चिठ्ठी हाय काय. मडम गेलीसुद्धा असेल. मला त्यांच्याकडं पाहवत नाही.

१९ फेब्रु., रविवार
झालं ते लिहितो.

मुलगा चांगला आहे. शांत आहे. सुशीनं चहा दिला तेव्हा कप आधी बाबांना द्या म्हणाला. मला तिथंच आवडला. साळव्यांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "हं मास्तर, तेवढं सांगून टाका म्हंजे पुढं जाता येते."

दाराच्या फटीतून सुशीचा चेहरा दिसत होता. खरं सांगायचं तर खरं सांगायला एकच वाक्य पुरे होतं. आम्हाला माहीत नाही, पटत असेल तर पोरगी घ्या. पण ती फट दिसत होती ना.

"मूळचे फुलारी," मी म्हटलं. "साहेबाच्या तोंडी फुलर झालं." सौ.चे शब्द जसेच्या तसे. वर मास्तरकीची कल्हई केली, इंग्रजाला शेवटचा ईकार जड जातो वगैरे. शुद्ध थाप.

साळवे खूश. कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडं वळून, "हो काय, बाबा?"

बाबा माझ्याकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, फुलारी नाही बाप्पा. वाटलं काय, म्हणावं असंच वाटत होतं.

"हाव," म्हणाले. मग जरा थांबून, "आता समजलं."

सगळे हसले. पेढे निघाले. लग्न ईस्टरनंतर.

२० फेब्रु.
सकाळी अंगणात दात घासत होतो. बाबा काठी टेकत आले. "मडमची चिठ्ठी आली अन् तू मले सांगतलं नाही?"

माझ्या तोंडात राखुंडी.

"लोकाइसमोर सांगतलं, बरं केलं. पन पयले मले सांगाले पाह्यजे होतं, बे." रागावले नव्हते. रडत होते. "सारी जिंदगी लोक बराबर म्हनत होते, अन् मी त्याईले दुरुस्त करत होतो!"

चूळ भरून सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या नांदुऱ्याला ठाऊक. आज सांगितलं की उद्या साळव्यांपर्यंत. आणि रडताना तो माणूस हसत पण होता. कसं सांगायचं?

सुशी शाळेत शिकवायला निघताना माझ्याजवळ आली. "खरं आहे का हो ते?" मी पेपर तपासत होतो. हो म्हटलं. माझी पोरगी आहे, तिनं ओळखलं. उंबऱ्यात थोडी थांबली आणि गेली. ती असं लग्न करून सुखी होईल का, हा प्रश्न मला काल पडायला पाहिजे होता.

२५ फेब्रु., शनिवार
बाबा सकाळपासून बेपत्ता. आम्ही गावभर शोधतो आहोत, आणि हे महाशय तिसऱ्या प्रहरी वडनेर भोलजीच्या मोटारीतून उतरतात! कोटाच्या खिशात झेंडूची फुलं. तिथं देवीला हार देणारं फुलाऱ्याचं घर आहे, नामदेव फुलारी, बाबांच्याच वयाचा. दिवसभर त्याच्या मळ्यात बसून आले. "माह्यासारखंच नाक हाय त्याचं," म्हणतात. "बसनं बी तसंच."

नामदेव म्हणाला म्हणे, आमचा एक चुलता मोठ्या दुष्काळात लहान्या पोराले खांद्यावर घेऊन पोट भराले निघाला तो आलाच नाही.

मी म्हटलं, बाबा, त्या दुष्काळात कोणत्या घरचं माणूस गेलं नाही? घरोघरी हेच ऐकायला मिळेल.

"पन ते सारे फुलारी हाय काय?"

थाप माझी होती, तिला पाय त्यांनी लावले. आणि माझ्याच मनात आता आलं, खरं असलं तर? असूही शकतं. नसूही शकतं. मीच सगळं असं गढूळ करून ठेवलं की तळ दिसायची सोय नाही.

दारावरची पाटी बाबांनी काढून ठेवली. रंगाऱ्याला बोलवा म्हणतात. ती काढताना पाहून मला वाईट वाटलं. त्या दिवशीच्या एका हसण्यापुरतंच ते नाव आमचं झालं होतं.

१ मार्च
सौ.ला म्हटलं, सांगून टाकतो. ती म्हणाली, "लग्नापर्यंत दम धरा." मग डोळ्याला पदर लावला. "म्याच सुचवलं होतं. माह्या जिभेले हाड नाही."

४ मार्च, शनिवार
नामदेवचा निरोप. खांद्यावरून गेलेल्या त्या पोराची थोरली बहीण अजून जिवंत आहे. गंगूबाई. नवऱ्यामागं माहेरी, वडनेरलाच राहते, आता डोळ्यानं दिसत नाही. उद्या तिला घेऊन येतो. तुमच्या घरचं पाणी घेणार नाही, तेवढा राग मानू नका, पण हातानं चाचपून पाहीन म्हणते. तिच्या कडेवरच असायचा म्हणे तो.

ठरवलं, आज सांगायचंच. लग्न मोडलं तर मोडो. त्या आंधळ्या म्हातारीला मोटारीत बसवून आणायचं आणि कोणाच्या तोंडावरून तिचा हात फिरवायचा? हे पाप मला झेपणार नाही. दिवेलागणीला बाबांजवळ जाऊन बसलो. न्हाव्याकडून येऊन गुळगुळीत होऊन बसले होते. धुतलेलं धोतर उशाला घडी करून ठेवलेलं.

बाबा, म्हटलं, एक सांगायचं आहे.

"थांब. पयले मले सांग. ती माह्याहून मोठी हाय. तिले काय म्हनू? बाई म्हनू का अक्का? मले कधी कोनाले म्हनाचं कामच नाही पडलं. दुपारपासून दोन्ही म्हनून पाहून राह्यलो."

मी उशाच्या धोतराची घडी सारखी केली.

"अक्का म्हणा," म्हटलं.