चाचणीला मी होकार द्यावा की नाही

३ जून. दुपार.
आजपासून रोज सकाळी लिहायचं. (आज दुपारी, कारण सकाळी बोटं मिटत नाहीत.) संधिवात म्हणे. या वयात! आत्या म्हणते, गावोगाव भटकलास, मिळेल त्या फरशीवर झोपलास, भोग आता. सायकलच्या दुकानात पाना दोनदा हातातून निसटला. मालकांना सांगितलं, पान्याला तेल लागलंय.

५ जून.
मोठ्या हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी आहे. औषध फुकट, एरवी आपल्याला परवडणार नाही असलं. पण वर्षभर गाव सोडायचं नाही, दर आठवड्याला हजेरी. शिवाय निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. ज्यांना स्वतःलाच ठाऊक नाही त्यांच्यापुढे मी हात पसरू? साफ नकार. पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडे जाणार. सॅक काढली. आत जुना नकाशा सापडला. तो बघण्यात संध्याकाळ गेली.

९ जून.
लिहिलं नाही. विचार चालू होता. आत्याला ठणकावलं, मी कुणाचा गिनिपिग नाही. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "गिनिपिग निदान स्वतःच्या हातानं खातो."


११ जून.
होकार द्यायचं ठरवलं. समाजासाठी. उद्या सांधे तपासणार. त्याआधी दुखण्यावरची कुठलीही गोळी घेऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. ते रडतराऊंसाठी असावं. परीक्षेला माणूस तयारी करूनच जातो. ठणठणीत दिसलो की पहिल्या झटक्यात निवड. आत्याच्या डब्यातल्या जालीम गोळ्या घेतल्या. रात्री पुन्हा घेईन.

१२ जून.
काय दिवस! बाईंनी एकेक सांधा दाबला, मी हसत होतो. मूठ आवळून दाखवली. कुणी न सांगता दोन बैठकाही काढल्या. गोळी घेतलीत का, विचारलं. म्हटलं, तसली सवय नाही आपल्याला.
बाई म्हणाल्या, "सूज कुठेच नाही. आम्हाला सुजलेले सांधे लागतात. तुम्हाला घेता येणार नाही."
म्हणजे त्यांच्या औषधापेक्षा मीच वरचढ. लिफ्ट धुडकावून जिन्यानं उतरलो. सॅक भरली. उद्या पहाटे कूच.

१३ जून.
गेलो नाही. सॅकची चेन लागेना. चेनच बोगस.

१४ जून.
शर्टाची बटणं आत्यानं लावली. डब्यातल्या गोळ्या कुठे गेल्या, हे तिला न विचारताच कळलं. माझ्यादेखत तिनं हॉस्पिटलात फोन करून सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, गोळ्यांचा अंमल पुरता उतरू दे, मग आणा. जागा राहिली तर बघू. आत्यानं सॅकमधले कपडे काढून कपाटात रचले. नकाशा सुरळीच्या वडीसारखा गुंडाळून वर टाकला.
इथेच राहायचं मी ठरवलंय. निर्णय सर्वस्वी माझा. पेन तेवढं आत्यानं बोटांत अडकवून दिलं.