आधी आईला विचारून येते

३ मार्च

नवा वर्ग! नागरिकत्वाच्या शपथेची तयारी. ग्रंथालयाची मागची खोली, मोडक्या खुर्च्या आणि जगभरातून गोळा झालेला हा गोतावळा. हे आता आपले देशबांधव होणार म्हणे! शपथ वाचा म्हटलं तर सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. ओरडलेच मी — "मान वर! मोठ्याने!"

५ मार्च

वर्गातल्या एका वायरमनला नद्या, राज्यघटना, सगळं तोंडपाठ. नुसता पोपट! अशाने का कुणी आपला होतो? देश अंगातच असावा लागतो. कोटासारखा बदलता येत नाही.

९ मार्च

दादा जेवायला आला. "हे उपरे देश बुडवणार!" म्हटलं, राष्ट्रगीताचं दुसरं कडवं म्हणून दाखव. ततपप! वर गाडी फुटपाथवर लावून आलेला. हे आमचे राखणदार!

वहिनीने खोचकपणे विचारलं, "लेक कधी येतोय परत?" परदेशात नोकरीला आहे म्हणून काय झालं? येईलच की. नोकरी तिथे, घर इथे. त्याच्या खोलीला नवे पडदे उगाच नाही शिवले मी.

१२ मार्च

आज तर कहरच! वर्गातली एक बेकरीवाली शपथेच्या दुसऱ्या ओळीला अडली — 'जुन्या देशाशी असलेलं नातं मी सोडते.' बाहीला पीठ लागलेलं, नुसती उभी. मग म्हणते, "बाई, आधी आईला विचारून येते." पन्नाशीची बाई! मी हसले. म्हटलं, "आईची एवढी ओढ होती तर आलात कशाला? एक पाय इथे, एक पाय तिथे — असली माणसं नकोत आम्हाला!"

डोळे पुसत खाली बसली. रडूबाई.

१३ मार्च

बेकरीवाली आली नाही. बरंच झालं. ब्याद गेली.

१६ मार्च

मुलाचा रविवारचा फोन. आज धड बोलेचना. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "आई, मंगळवारी माझी शपथ आहे. इथली. आपला देश सोडला असं म्हणावं लागतं गं. ती ओळ आली की आवाजच फुटत नाही. आई... म्हणू ना?"

समोर ते पडदे.

"म्हण," म्हटलं. "मान वर कर. मोठ्याने म्हण."