पाणमांजरांचे डोळे

१० जानेवारी २०२१

स्नेहलता देवदत्त राजवाडे, तुझे चौदावे पुस्तक प्रसिद्ध होईल, आणि ते तुझ्याच हातचे असेल. तुला जाऊन आज दोन महिने झाले.

तुझ्या स्टुडिओत जाऊन आलो. ल्यूकनच्या आपल्या घरापासून क्लोनडॉकिन टाळेबंदीच्या पाच किलोमीटरच्या मर्यादेत बसते. नकाशावर मोजून घेतले. लिफी नदीतल्या पाणमांजरांची बत्तीस पाने रंगवून तयार आहेत. राहिले आहेत ते केवळ डोळे.

१४ जानेवारी

संपादिका मेव्हबाईंचा फोन. डोळे दुसऱ्या चित्रकाराकडून भरून घेऊ, असे त्यांचे म्हणणे. मी नकार दिला. स्नेहलतेचे वडील पेणला गणपती घडवत. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, दार बंद करून, घरच्यांनाही मज्जाव. तिनेही तोच शिरस्ता पाळला. मदतीला फक्त आमची मुलगी मुक्ता आत असे, रंग कालवायला. मी एकदाही आत डोकावलो नाही!

१५ जानेवारी

मेव्हबाईंना सविस्तर ईमेल. गेल्या तीन पुस्तकांतले डोळे पाहावेत. ती नजर अन्य कोणाच्या हातून उतरणे अशक्य आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले.

२१ जानेवारी

उत्तर आले. अत्यंत सौजन्यपूर्ण — डोळ्यांविना पुस्तक छापता येणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत निर्णय कळवावा.

२३ जानेवारी

मेनूथ विद्यापीठाचे वर्ग ऑनलाइन असल्याने मुक्ता घरीच आहे. जेवताना तिला माझे ईमेल वाचून दाखवले. ती हसली. मग ताट बाजूला सारले.

“बाबा, ते डोळे माझे आहेत. ऑल थ्री बुक्स. आईचा हात थरथरायचा.”

मला का सांगितले नाही, असे विचारले.

“आईच म्हणाली, त्याला नको सांगूस. त्याला वाटू दे अजून जमतंय मला.”

चहाचा कप स्नेहलता दोन्ही हातांनी धरत असे. मी ते इथल्या थंडीमुळे समजत होतो — तीन वर्षे.

२४ जानेवारी

मेव्हबाईंना कळवले : १५ तारखेचे माझे विधान चुकीचे होते. चित्रकार घरातच आहे.

७ फेब्रुवारी

मुक्ताने डोळे आखले. मी शेजारी बसून रंग कालवले. तिला माझा निळा फारच पातळ वाटला. मुखपृष्ठावर दोघींची नावे येतील. स्टुडिओ रिकामा केला, कुलूप लावले, किल्ल्या मालकांना परत केल्या.