काच बाईंनी भरायची

३ जून
झालं! बीएस्सीचे सगळेच वर्ग यंदापासून बंद. कुलगुरू बाई आमच्याच कॉलेजात शिकलेल्या, आमची सगळी भिस्त त्यांच्यावर. आणि त्याच म्हणाल्या, "आता मुली कुठेही शिकतात. मुलींच्या सायन्स कॉलेजचं काम संपलं." वर टाळ्या! डोकं सणकलं माझं. दोन खोल्या आणि एका गळक्या नळावर सुरू झालेलं कॉलेज. केवढं वाढवलं आम्ही ते!

४ जून
समोरच्या टेलरची पोर आली होती. बारावीला केमिस्ट्रीत पहिली. "मॅडम, फॉर्म कधी मिळणार?" प्रवेशच बंद झाल्याचं सांगितलं. बाप इथेच पाठवायला तयार होता, ते फक्त मुलींचं कॉलेज म्हणून. कुठेही शिकतात म्हणे!

९ जून
टेलरकडे जाऊन आले. "मुलांच्या कॉलेजात? नाव काढू नका." वाद घातला, हातापाया पडायची बाकी राहिले. त्यानं काजावरून मान वर केली नाही. "स्थळ आलंय," म्हणाला. 

१५ जून
लॅबची बांधाबांध. परीक्षानळ्यांचे खोके काढले. आमची जुनी रीत — पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातात एक नळी द्यायची आणि म्हणायचं, "फोड!" घरी कप फुटला तरी बोलणी खाणाऱ्या पोरी, नळी सोडायच्याच नाहीत. 'सॉरी' म्हणायचं नाही. काचेला हात लावायचा नाही, ती बाईंनी झाडून भरायची. भीती गेली की केमिस्ट्री आपोआप येते, असं पहिल्या प्रिन्सिपल बाई म्हणायच्या. कुलगुरू बाईंनीही इथेच फोडली होती. मीच भरली होती काच! विसरल्या त्या.

२० जून
टेलरची पोर आली. लग्न ठरलं म्हणाली, आणि खोक्यांकडे बघत उभी राहिली. मला राहवलं नाही. नळी दिली, म्हटलं, "फोड." तिनं आपटली — आणि लगेच खाली बसून तुकडे वेचायला लागली! "चुकलं मॅडम, भरते मी." बोट कापलं. मला रडू कोसळलं. पट्टी बांधली, आमची रीत सांगितली, काच मी भरली. जाताना एक अख्खी नळी तिच्या पिशवीत टाकली. कशाला, कोण जाणे. आता काय उपयोग!

२१ जून
लॅबला कुलूप. जेवण गेलं नाही.

२७ जून
सकाळीच टेलर दारात. चेहरा उतरलेला. "पोर तुमच्याकडे आलीय का?" नाही. कपडे सगळे घरीच आहेत म्हणाला, मार्कशीट तेवढी नेलीय. "आणि मॅडम, जाताना दारात काच फोडून गेली. भरलीसुद्धा नाही हो!"
मी चपला घातल्या, झाडू उचलला आणि त्याच्याबरोबर निघाले.