धुतलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. हे तुर्भ्याच्या कंपनीतून परस्पर दवाखान्यात आले, मी कोपरखैरण्याहून रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघूनच सुरू केलं. बाहेरचं बंद, पाकिटातलं बंद, आधी वजन उतरवा. मी म्हटलं, "डॉक्टर, साखर यांची वाढलीये. किडनीपण यांचीच बिघडलीये." माझा काडीसारखा नवरा मान खाली घालून शेजारी.

जाडी मी, म्हणजे खादाड मीच. सोसायटीत सगळ्यांना तेच वाटतं. आणि मला? हे बारीक आहेत म्हणजे ठणठणीत, असंच वाटायचं ना? रोज पहाटे उठून भाकरी-भाजीचा डबा भरते, संध्याकाळी तो स्वच्छ धुतलेला परत येतो. केवढं बरं वाटायचं त्या धुतलेल्या डब्याचं.

डॉक्टरांनी दरडावल्यावर हे बोलले. डबा कंपनीतल्या पोरांना देतात. स्वतः कपातले नूडल्स, वेफर्स, कोल्ड्रिंक. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणे. कधीपासून? "पहिल्यापासूनच."

घरी आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या तेलातुपानंच झालं हे."

हे समोरच बसले होते. उठले, बॅगेतून डबा काढला आणि धुवायला गेले.