नव्वद पानांचं पुस्तक

२४ सप्टेंबर १९९७

हो म्हणून आले! डोकं ठिकाणावर नाही माझं.

आमचे करस्पाँडंट, म्हणजे संस्थाचालक, सूर्यनारायण यांनी दुपारी बोलावलं. कॉलेज त्यांच्या ट्रस्टचं, त्यामुळे इथल्या भिंतीसुद्धा त्यांना विचारून उभ्या असतात. सर्व्हर सांभाळणारा विघ्नेश, आमचाच जुना विद्यार्थी, बेंगळूरला गेल्यापासून कॉम्प्युटर रूमला वाली नाही. नवा माणूस मिळत नाही, मिळतो तो पगाराचा आकडा ऐकून हसतो. शिवाय त्यांना दुसरी लॅब हवी आहे. जागा? माझ्या ग्रंथालयाचा वाचनकक्ष!

"तिथे बसतं कोण, मॅडम? पंखे आणि तुम्ही."

मी उभी राहिले. बसून मला भांडता येत नाही. म्हटलं, पुस्तकातून शिकता येत नाही अशी एक विद्या दाखवा, मी स्वतः मेजं उचलून देते.

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "मग विघ्नेशचं काम तुम्हीच शिका. पुस्तकातून. दिवाळीपर्यंत सर्व्हर नीट चालला तर वाचनकक्षाला हात लावणार नाही. नाही चालला तर मेजं मी हलवतो."

आणि मी हो म्हटलं. आवाज चढलेला असताना नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

२५ सप्टेंबर

विघ्नेशच्या खणात एक पुस्तक मिळालं. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनची तोंडओळख. नव्वद पानं, दहा प्रकरणं. कोपरे चहात बुडवल्यासारखे. पहिल्याच पानावर लिहिलंय — हे पुस्तक वाचण्यासाठी कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज नाही. तिसऱ्या पानापासून पूर्वज्ञान मागायला सुरुवात!

तरी हातात घेतल्यावर आप्पा आठवले. रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून, आणि घरी अशा पातळ पुस्तकांचे भक्त. रेडिओ दुरुस्ती, होमिओपॅथी, हार्मोनियम, मधमाशा — सगळं त्यांनी पुस्तकातून आणलं. पोहणंसुद्धा! ओसरीवरच्या बाकावर पालथे पडून, पुस्तक जमिनीवर उघडं ठेवून, महिनाभर हात मारले. आई म्हणायची, "अहो, बाक झिजेल." मग एका रविवारी आम्हा सगळ्यांना घेऊन पुदु आरू कालव्याच्या काठी गेले आणि थेट पाण्यात उतरले. धोतर वर, आप्पा खाली. दोघा धोब्यांनी ओढून काढलं. पाणी ओकून झाल्यावर पहिलं वाक्य — "पुस्तक बरोबर आहे. प्रवाहाचं प्रकरण मी घाईत वाचलं."

किती हसलो होतो. आणि पुढच्या उन्हाळ्यात ते खरंच पोहायला लागले.

देवनागरी त्यांनीच शिकवली, भावंडांत मला एकटीला. या तमिळ मुलखात आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, वाचता कुणालाच येत नाही. माझी लेक लावण्या तर मी मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देते. ही वही मी उघडी टाकून गेले तरी बंदच असते.

२ ऑक्टोबर

नवरात्र बसलं. गोलूच्या बाहुल्यांसाठी पायऱ्या लावताना सुचलं — या पुस्तकाचं पारायण करायचं! रोज एक प्रकरण, स्नानानंतर, क्रमाने. पुढचं पान डोकावून पाहायचं नाही, मागचं टाळायचं नाही. पोथी अशीच वाचतात आणि अशीच अंगी लागते. नवमीपर्यंत नऊ होतील. दहावं विजयादशमीला, विद्यारंभाच्या मुहूर्तावर.

आज पहिलं. यंत्र सुरू करणे. (ते विघ्नेश गेल्यापासून सुरूच आहे. तो ते कधी बंदच करत नसे.)

४ ऑक्टोबर

काही कळलं नाही. काहीही!

६ ऑक्टोबर

कळलं! पाचवं प्रकरण — कोणती फाइल कुणी वाचावी, कुणी लिहावी, कुणी नुसतं बाहेरून नाव पाहावं. अहो, हे तर ग्रंथालय! संदर्भग्रंथ बाहेर जात नाहीत, प्राध्यापकांना पंधरा दिवस, विद्यार्थ्यांना आठ. एवढं सोपं यांनी अवघड का लिहिलं? तोंडओळखीच्या पुस्तकांचा हाच दोष. लिहिणारा विसरलेला असतो की आपण कधीकाळी अडाणी होतो.

इलेक्ट्रॉनिक्सचे शेषाद्री दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. पट्टिमन्रमच्या, म्हणजे जाहीर वादसभेच्या, मंचावर हे नेहमी माझ्या विरुद्ध बाजूला. आमच्या वादांवर गावात पैजा लागतात. म्हणाले, "काय विजयलक्ष्मी मॅडम, पुस्तक वाचून मशीन चालवणार? मग उद्या पाककृती वाचून पोट भरा."

"तुमच्या घरी जेवल्यावर लोक तेच करतात," मी म्हटलं.

गेले. पण हसत गेले. माणूस वाईट नाही.

१० ऑक्टोबर

सरस्वतीपूजा. सकाळी नववं प्रकरण संपवलं आणि पुस्तक पूजेत ठेवलं. आज वाचायचं नाही, लिहायचं नाही. हे लिहितेय तेही चुकीचंच, पण आजचा दिवस सुटू नये.

सुट्टी असून सगळे आले. कॉम्प्युटर रूम धुतली. प्रत्येक मॉनिटरला चंदनाची तीन बोटं आणि कुंकू, सर्व्हरला झेंडूची माळ. कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. मला टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटचे दिवस आठवले. आम्ही मुली रेमिंग्टनच्या रांगेला अशीच बोटं लावायचो, आणि दुसऱ्या दिवशी 'ए'च्या कळीला कुंकू चिकटून बसायचं. ती खडखड आता गावात कुठेच ऐकू येत नाही.

दीपाराधना झाल्यावर करस्पाँडंट म्हणाले, "आयुधांना आज विश्रांती हवी." मुख्य स्विचचा मान मला दिला. मी हात जोडले आणि खटका खाली ओढला. पंख्यांचा आवाज थांबला. केवढी शांतता! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

११ ऑक्टोबर

दहाव्या प्रकरणाचं नाव — 'यंत्र बंद करणे'.

पहिली ओळ — वीज कधीही थेट तोडू नये.

सर्व्हर सुरू झाला, दोन मिनिटं गुरगुरला आणि प्रश्न विचारायला लागला. ही फाइल कुठली? हा तुकडा कुणाचा? पुसू का? जोडू का? हो की नाही? शेवटच्या वर्षाच्या मुलांचे सगळे प्रोजेक्ट त्यात आहेत. कविता नावाची मुलगी ओरत्तनाडूहून बसने येते. सुट्टीतही आली होती, पडद्याकडे बघत उभी. "मॅडम, माझं आहे ना?"

पुस्तकात याबद्दल एकच ओळ. फाइलव्यवस्था तपासावी, अधिक माहितीसाठी मोठी नियमावली पाहावी.

मोठी नियमावली! ती मशीनच्या खोक्यातून आली होती, तीन जाडजूड खंड. मीच नोंद करून वाचनकक्षातल्या काचेच्या कपाटात ठेवली. प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आज फाडलं. दिवसभर वाचनकक्षात बसले. जोडीला ऑपरेटिंग सिस्टिमवरची आणखी दोन काढली, कारण नियमावलीची भाषा कळायला ती लागली. पूर्वी या मेजांवर मुलं कोपराला कोपर लावून बसायची. विघ्नेश खिडकीच्या कडेला असे, चप्पल काढून, मांडी घालून. आज मी एकटी. करस्पाँडंट बरोबर बोलले होते, पंखे आणि मी. पण पुस्तकं कपाटात होती! कुणीतरी येईल म्हणून होती!

१२ ऑक्टोबर

रविवार. एसटीडी बूथमधून विघ्नेशला गाठलं. लाल आकडे पळत होते.

"अक्का, खटका ओढला? तुम्ही?"

मी पारायणाचा क्रम समजावला. तो एवढा हसला की बूथवाल्याने काचेतून पाहिलं. मग मी तोंडओळखीच्या पुस्तकांची जबाबदारी यावर बोलायला लागले. त्याने मध्येच तोडलं, "अक्का, सभा नको, मीटर चालूय."

त्याने सांगितलं — आधी आहे तशी टेपवर नक्कल घ्या, मग त्याच्या प्रश्नांना हो म्हणत जा. हरवलेले तुकडे एका वेगळ्या जागी गोळा होतील. नावं पुसली जातील, मजकूर राहील.

मी विचारलं, "हे पुस्तक तू कसं वाचलंस?"

"तीनदा. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग मशीन मोडलं, तेव्हा दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाचलं ते त्यात काय नाही ते बघायला. उत्तरं नसतात हो त्यात. काय विचारायचं ते कळतं, बस."

किती नेमकं बोलला! हा मुलगा वर्गात तोंड उघडत नसे.

१४ ऑक्टोबर

तुकडे आले. नाव नाही, नुसते आकडे. एकेक उघडायचा, चार ओळी वाचायच्या, कुणाचा ते ओळखायचं. शेषाद्री डोकावले आणि घाबरून म्हणाले, "हे कोण लावणार?" मी! मुखपृष्ठ गेलेली पुस्तकं आयुष्यभर लावली आहेत. वाळवीने नावच खाल्लेल्या पुस्तकाला आतल्या दोन पानांवरून त्याच्या फळीवर बसवणं — हे काम मला कोणत्या खंडाने शिकवायला हवं?

मग तेही शेजारी बसले. त्यांच्या विद्यार्थ्यांची लिहिण्याची ढब त्यांना ठाऊक. "हा गणेशकुमार. इतक्या चुका दुसरा कुणी करूच शकत नाही!"

१५ ऑक्टोबर

कविताचं सापडलं. रडली. पेढे आणते म्हणाली. मी नकोत म्हटलं आणि उलट तिलाच घरी डांगर पचडी खायला बोलावलं. जेवायला ती येणार आहे.

१९ ऑक्टोबर

काय संध्याकाळ! कॉलेजच्या सभागृहात पट्टिमन्रम. विषय शेषाद्रींनी मुद्दाम सुचवलेला — यंत्रविद्या शिकवतो तो ग्रंथ की अनुभव? मी ग्रंथाच्या बाजूने. तमिळमध्ये बोलताना माझ्या अंगात वारं येतं, आज तर वादळ होतं.

शेषाद्री आधी बोलले. "मॅडमचे वडील बाकावर पोहत होते, लेक पूजा करून सर्व्हर बुडवते!" सभागृहात हशा उसळला. मीही हसले. मग उठले. ते नव्वद पानांचं पुस्तक डोक्यावर धरलं. म्हटलं, बघा! याची जाडी बघा! एवढ्याशा पुस्तकाने एका अडाणी बाईच्या हातून बुडालेलं यंत्र वर काढलं. एकच पुस्तक! ना गुरू, ना वर्ग, ना बेंगळूर! — पुढचं टाळ्यांत बुडालं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत करस्पाँडंटही टाळ्या वाजवत होते.

निवाडा आमच्या बाजूने. आज आप्पा हवे होते.

२० ऑक्टोबर

घसा बसला. मन अजून हवेत.

२७ ऑक्टोबर

करस्पाँडंटनी बोलावलं. सर्व्हर उत्तम चाललाय म्हणाले, पगार वाढवला, हात जोडले. मग, "तुमच्या भाषणाने माझे डोळे उघडले, मॅडम. एक पुस्तक पुरलं. मग बाकीची एवढी जागा का अडवतात?" ते थट्टा करत नव्हते. दिवाळी झाली की वाचनकक्षातली मेजं हलणार. कपाटं तळघरात.

मोठे खंड, बाकीची पुस्तकं, विघ्नेश, शेषाद्री — भाषणात मी कुणाचं नाव घेतलं नाही. वाक्य लांबत होतं म्हणून.