आगारीचा धूर

पांडेसरा, सुरत
ता. २६ सप्टेंबर १९९४

ती. सौ. सरलाआक्कास,
धाकट्या निंबाचा शि. सा. न. वि. वि.

मंदा आणि आमची पोर धनश्री सावखेड्याला सुखरूप पोचल्या हे तुझ्या पत्रावरून कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे प्लेगच्या नावानं निम्मी सुरत रिकामी झाली. डाईंग मिलचे भोंगे बंद, स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. तू मलाही ये म्हणतेस. कसा येऊ? पालिकेनं माझ्या खांद्यावरची मच्छर मारायची धुराची मशीन काढून नवं काम दिलंय. दवाखान्यातून पळालेले पेशंट शोधून परत आणायचे.

आणि खरं सांगू, या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. माझ्या जोडीला कामावर असलेला दगा म्हणतो, निंबा, तू मागच्या जन्मी शिकारी असशील. बाकीचे घरोघर दारं ठोकत फिरतात. मी डोकं चालवतो. आपल्या खान्देशी माणसाला मी ओळखतो ना! तो कुठंही दडून बसू दे, बापाच्या पितराला घरी येणारच. आगारीला, विस्तवावर बापाच्या नावाचा घास टाकायला, मुलगाच लागतो.

इथल्या आमच्या गल्लीतला शालिग्राम असाच धरला. मंदाच्या हातची कढी वाटीवाटीनं पिणारा तोच. अंगात ताप, छातीत कफ, आणि खिडकीतून पळाला. परवा त्याच्या बापाची तिथी होती. त्याच्या घरातून आगारीचा धूर निघाला तसा मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आला बरोबर! हातात पोळीचा तुकडा घेऊन विस्तवापुढे बसतोय तोच मी आणि दगानं त्याला उचलला. रिक्षात रडत होता, मना बापले उपाशी ठेवा रे तू, असं म्हणत होता. म्हणू दे. जिवंत राहिला तर बापाला पुढल्या वर्षी जेवू घालील.

काळजी करू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
निंबा


सावखेडे, ता. अमळनेर
ता. २९ सप्टेंबर १९९४

चि. निंबास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि डोकं तापलं. शालिग्रामला दवाखान्यात नेलंस ते चांगलं केलंस, त्यात वाद नाही. पण हरणामागं लागल्यासारखं ते चवीनं काय लिहितोस? एक घास विस्तवावर पडेपर्यंत थांबला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं? लहानपणी सरडे धरायचास, तेव्हाही तुला असाच चेव यायचा आणि मार मात्र मी खायची.

इथं सुरतेहून येईल त्याला आधी शाळेत ठेवतात. अमळनेरचे डॉक्टर जीप घेऊन रोज येतात, तपासतात, कॅप्सूल देतात, मगच घरी सोडतात. मंदालाही तसंच ठेवलं होतं. आता ती घरी आहे, पण बायका तिला हापशावर पाणी भरू देत नाहीत. मी गावातच दिलेली म्हणून बरं. भांडून तिची घागर आधी भरून देते. माझ्या तोंडाला अजून गाव भितं!

एक विचारते. तुझं अक्षर एवढं का हललंय? तू त्या लोकांना मिठी मारून उचलतोस, स्वतः कॅप्सूल घेतोस का? तोंडाला फडकं बांधतोस का? अमावास्येला आपल्या वडलांचं, दादांचं पितर आहे. सुट्टी मिळाली तर ये, पण आधी शाळेत, मग घरात. धनश्री रोज वाटेकडे बघते.

जीव जपून रहा, आणि रागावलीस का असं विचारू नकोस, रागावले आहे.

तुझी,
सरलाआक्का


कडोदरा
ता. २ ऑक्टोबर १९९४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र एका ट्रकवाल्याच्या हाती देतोय, तो अमळनेरवरून जाणार आहे. मी आता पांडेसऱ्यात नाही. तुला अक्षरावरून कळलंच होतं. ताप आहे. खोकला चढला की बरगड्या दुखतात. कॅप्सूल दोन दिवस घेतल्या, मग कामाच्या धांदलीत राहून गेल्या. दुसऱ्यांना दम देऊन खायला लावत होतो आणि माझीच पाकिटं खिशात तशीच!

दगानं मला खोकताना बघितलं. म्हणाला, चल, फोटो काढून घेऊ छातीचा. मी हो म्हणालो, लघवीला जातो सांगितलं आणि भिंतीवरून उडी मारली. हसू नकोस. आक्का, मला भीती वाटते गं. त्या वॉर्डाच्या दारात पोलीस असतो. आणि आत शालिग्राम आहे. त्याच्या समोरच्या खाटेवर मी कुठल्या तोंडानं पडू?

आता दगा माझ्या मागावर आहे. त्याला सगळं मीच शिकवलंय, म्हणून झोप येत नाही. पहिल्या रात्री कोसाडला मंदाच्या मावसभावाकडे होतो. सकाळी जीपचा आवाज आला आणि मागच्या दारानं निघालो. इथं एका बंद कारखान्याच्या ओसरीत पडून आहे. कुत्रं भुंकलं तरी उठून बसतो. कुणी नुसतं बघितलं तरी वाटतं, ओळखलं यानं.

मी गावाकडे निघतोय. शाळेत जाणार नाही, आधीच सांगतो. भाऊजींच्या ज्वारीत दडून राहीन, बरं वाटलं की समोर येईन. मंदाला कळवू नकोस. दादांच्या आगारीला या वर्षी मी नाही असं समज. तुझ्या पोटात हे राहू दे, एवढी भीक घाल.

तुझा,
निंबा


सावखेडे
ता. ७ ऑक्टोबर १९९४

चि. निंबास,
अनेक आशीर्वाद.

जळगावच्या दवाखान्यातून निरोप आला की ताप उतरला आणि तू माझं नाव काढलं तरी तोंड फिरवतोस. फिरव. फिरवायला तोंड राहिलं हे काय थोडं झालं? पण दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. तुला मीच धरून दिलं.

पत्र मिळालं आणि मी रानात गेले. ज्वारीत हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. खोकला मात्र ऐकू आला. कधी या बांधाला, कधी त्या बांधाला. डॉक्टरांची माणसं घेऊन शिरले असते तर तू पळत सुटला असतास, आणि तसल्या छातीनं किती पळणार होतास? कुठल्या तरी नाल्यात पडून राहिला असतास. रात्रभर मला काही सुचलं नाही. मग तुझंच पहिलं पत्र काढून वाचलं. तूच लिहिलं होतंस, कुठंही दडून बसू दे, पितराला येणारच.

धनश्रीला माझ्या घरी आणून ठेवलं. मंदाला सगळं सांगितलं. ती रडली, पण पदर खोचून स्वैपाकाला लागली. वडे, खीर, कढी सगळं केलं आणि आगारी घरात न ठेवता परसात ठेवली, तू घरात शिरू नयेस म्हणून. गोवऱ्यांवर तूप मुद्दाम जास्त सोडलं, धूर रानापर्यंत जावा म्हणून. जीप शाळेमागं उभी होती. डॉक्टरांना मी एकच अट घातली होती, की त्याचा घास विस्तवावर पडू द्या, हात जोडू द्या, मग काय करायचं ते करा. ते घाई करत होते. मी त्यांची बाही धरून ठेवली होती.

तू आलास तेव्हा तुला ओळखलं नाही रे मी. दादाच चालत आल्यासारखं वाटलं. घास टाकलास, पाणी फिरवलंस, आणि मग मी बाही सोडली. तू मागं वळून माझ्याकडे बघितलंस ते बघणं मला आता जन्मभर पुरेल.

मी चुकले असं मला वाटत नाही. पुन्हा तसंच करीन. मंदा आणि पोरीला काही झालेलं नाही, डॉक्टर रोज बघून जातात. कॅप्सूल वेळेवर खा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण माझा भाऊ रहा.

तुझी,
आक्का


पांडेसरा, सुरत
ता. ४ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. सरलाआक्कास,
तुझ्या निंबाचा शि. सा. न. वि. वि.

महिना झाला, तुला ओळ लिहिली नाही. राग होता. दवाखान्यात डोळे मिटले की तुझ्या हातातून ती बाही सुटताना दिसायची. कामावर परत घेतलं, पुन्हा धुराची मशीन. दगा आला, हसला, मीही हसलो. पण गल्लीत कुणी मागून भरभर चालत आलं की मी अजून भिंतीला लागून उभा राहतो.

दिवाळीची आगारी होती. शालिग्राम बरा होऊन घरी आलाय, हे मंदानं इकडे परत आल्यावर तुला लिहिलं असेलच. त्याच्या घरातून धूर निघाला आणि मला घरात बसवेना. या वेळी पुढच्या दारानं गेलो. त्याच्या बायकोनं मला बघून ताट उचलून पोटाशी धरलं, आक्का. मी पुन्हा न्यायला आलो असं वाटलं तिला. शालिग्राम घास हातात घेऊन माझ्याकडे बघत बसला. मी दूर उंबऱ्याशी बसलो.

त्यानं एक घास टाकला. मग दुसरा टाकला, म्हणाला हा मागचा राहिलेला. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि मी ताडकन उठून त्याचं मागचं दार गाठलं. माझं मलाच कळलं नाही. परक्या घरात कडीला हात घालून उभा! त्याची बायको बघतच राहिली. शालिग्राम उठला, त्यानं माझा हात कडीवरून काढला, पाण्याचा तांब्या त्या हातात दिला आणि म्हणाला की बस भाऊ, आज कोणी येणार नाही, तू पाणी फिरव.

मी फिरवलं. निम्मं जमिनीवर सांडलं.

उद्या भाऊबीज. हे पत्र आत्ता गावाकडे निघालेल्या एकाच्या हाती पुढे धाडतोय, मी ओवाळून घ्यायला रात्रीच्या गाडीत बसतोय. ताट तयार ठेव. मी सरळ पुढच्या दारानं येईन.

तुझाच,
निंबा